पिल्लांवरची मरळ

ज्याला डोंग्यात बसता येत नसेल त्यानं काठावर बसावं आणि गप बसावं, असं माझं आजही स्पष्ट मत आहे. हल्ली धरणावर लोक रंगीत प्लास्टिकच्या होड्यांत बसतात, अंगात फुगीर जाकिटं घालतात, आणि तरी पाणी जरा हललं की किंचाळतात. मी बघते आणि चिडते. आमचा डोंगा काटसावरीच्या एका खोडातून कोरलेला होता. रुंदी एवढीच, की मांडी घालून बसलं की दोन्ही गुडघे दोन्ही काठांना टेकायचे. त्यात बसून नुसती मान जोरात वळवली तरी तो कलायचा. मी परकर नेसत होते तेव्हापासून तो डोंगा चालवला आणि एकदाही पाण्यात पडले नाही. एकदा पडले होते, पण तेव्हा माझ्या बहिणीनं मुद्दाम पाडलं होतं, ते मी धरत नाही.

आम्ही ढिवर, मासोळ्या धरणारी माणसं. कारंज्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला नदीकडे तोंड करून आमच्या लोकांच्या घरांची एक ओळ. नदी म्हणजे तरी काय, पावसाळ्यात सगळा रुबाब आणि होळीनंतर नुसती डबकी. बाबांचा जीव त्या नदीत कधी रमला नाही. त्यांचा जीव डोंगरातल्या तलावात. सकाळी भाकर बांधून निघालं, सागाच्या जंगलातून चढत गेलं, की ऊन डोक्यावर येता येता तो एकदम समोर यायचा. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला जुनी दगडी पाळ. ही पाळ गोंड राजाच्या वेळची, असं पाळीखालच्या वस्तीतले गोंड सांगत. पाणी इतकं गार, की वैशाखातही पाय घातला तर अंगावर काटा यायचा. बाबा तिथं गेले की आठवडा आठवडा खाली उतरत नसत. माय म्हणायची, "तो तलाव नोय, माही सवत हाय."

डोंगा तिथंच असायचा. उन्हाळ्यात तो वर ठेवला तर तडकतो, म्हणून त्यात दगड भरून पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मृग लागला की वर काढायचा. हे बुडवणं आणि काढणं म्हणजे आमचा सणच. बाई आणि मी, दोघी पाण्यात उतरून दगड बाहेर फेकायचो. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात, माझी बाई माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. शांत दिसायची, पण मोठी खोडकर. मला पाण्यात पाडलं ते तिनंच, आणि वर बाबांना सांगितलं, "पाह्यतो म्हनलं, इले पोहता येते का नाई." बाबा इतके हसले की मी रागानं दिवसभर कुणाशी बोलले नाही.

जाळं सगळेच टाकतात. बाबांचं वेड गरीचं, म्हणजे लांब बांबू, त्याला दोरी, दोरीला गळ. आणि मासोळ्यांत वेड मरळीचं. मरळ ही काही गरीब मासोळी नाही. काळी, लांब, डोकं सापासारखं, आणि गळाला लागली की डोंग्यासकट ओढत न्यायची. पाण्याबाहेर हवा घेऊन जगते, म्हणून ओल्या मडक्यात ठेवली तर दोन दिवस जिवंत राहते. बाबा डोंग्यात पुढे बसायचे, मी मागे वल्हं घेऊन. बोलायचं नाही. त्यांनी डावा खांदा जरा उचलला की मी डावीकडे वळवायचं, उजवा उचलला की उजवीकडे. बाईला हे जमत नसे, तिला हसू यायचं. मला जमायचं. घरात माझी किंमत काय ती या एका कामामुळे होती, आणि ती मी पुरेपूर वसूल करत असे.

आता आमचा एक कायदा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. पावसाळ्यात मरळीची पिल्लं निघतात. हजारभर पिल्लांचा तांबूस थवा पाण्यावर फिरत असतो. हवा घ्यायला सगळी एकदम वर येतात, तेव्हा तेवढ्या जागी पाणी उकळतंय असं वाटतं. त्या थव्याच्या खाली नर आणि मादी दोघं राखणीला असतात. पिल्लांत काहीही पडलं, काडी पडली, बेडूक पडला, की ते आंधळ्यासारखे झेप घेतात. म्हणजे मरळ धरायला याच्याइतकी सोपी वेळ वर्षात दुसरी नाही. आणि याच वेळी ती धरायची नाही. कुणी सांगितलं नाही, कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्या ओळीत श्रावणात मरळ शिजली तर शेजारीण वासावरून ओळखणार आणि त्या घरचं पाणी पिणार नाही. बाबा याबाबतीत इतके कडक, की त्या दिवसांत ते गरी वर आढ्याला बांधून टाकत. म्हणायचे, "पिल्लांवरची मरळ मारनं म्हंजे बाळंतिनीच्या घरात शिरनं."

बाईचं लग्न आंजीला झालं. तिथलीही आपलीच माणसं, पण नदीवरची. बाई पहिल्या बाळंतपणाला घरी आली ती आषाढात, अंगानं भरलेली, चेहरा तुकतुकीत, आणि जीभ तीच. मला म्हणाली, "तुह्या डोंग्यात आता मी मावत नाई वं."

बाळंतपण मायनंच केलं. माय काही सुईण नव्हती, पण आमच्या ओळीतल्या सगळ्या बायांची बाळंतपणं तीच करायची. तिचा हात हलका म्हणत. मुलगा झाला. नाळ कापायला मायनं मासोळी कापायचा विळा घेतला. आमच्यात तसंच. ढिवराच्या लेकराची नाळ मासोळीच्या विळ्यानं कापायची, म्हणजे पाणी त्याला ओळखतं आणि पुढे कधी बुडवत नाही. बाईची तशीच कापली, माझी तशीच कापली. मायनं विळा पदराला पुसला, नाळ कापली, वर राख लावली, आणि बाहेर बसलेल्या बाबांना ओरडून सांगितलं, "अवो, तुमचा डोंगेवाला आला." बाबा उठले आणि ओट्यावरच्या ओट्यावर दोन फेऱ्या मारून पुन्हा बसले. त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं.

पाचवी पुजली. सगळं नीट होतं. मग एका सकाळी लेकरानं दूध ओढायचं सोडलं. बाई छातीशी धरायची, ते तोंड लावायला बघायचं आणि लावता यायचं नाही. रडायचंही बारीक, दात नसलेले हिरड्यांचे काठ एकमेकांवर दाबून धरल्यासारखं. शेजारणी आल्या, बघून गेल्या. सगळ्यांचं एकच, की बाईचं दूध नीट उतरलं नाही, पातळ आहे, लेकराला गोड लागत नाही. आणि दूध उतरायला आमच्यात एकच औषध, मरळीचा रस्सा.

नदीला पूर होता. मरळ मिळाली तर डोंगरातल्या तलावातच, आणि दिवस पिल्लांचे. बाबा ओट्यावर बसले होते. माय दारात येऊन उभी राहिली.

"तुमी जाता का नाई?"

"दिवस कोनते हायेत, तुले ठाव नाई का?"

"मले दिवस नोका सांगू," माय म्हणाली. "लेकरू दूध ओढून नाई राह्यलं. दिवस घेऊन मी काय करू?"

बाबा उठले. मग आत आले, बाईकडे न बघता आढ्याची गरी सोडली आणि मला म्हणाले, "चाल."

वाटभर पाऊस होता. जंगलात चिखल, जळवा, आणि बाबा इतके भरभर चालत होते की मी मागे पडून रडकुंडीला आले. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी माझी हिंमत झाली नाही. तलावावर पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि डोंगरांवर ढग उतरले होते. डोंगा पाळीला बांधलेला होता. बाबांनी काठावरचा लहानसा बेडूक धरून पाण्याच्या गडव्यात टाकला. आम्ही निघालो.

थवा शोधावा लागला नाही. पाळीपासून जरा आत, गवताच्या कडेला पाणी उकळत होतं. मी वल्हं उचलून धरलं, डोंगा आपोआप सरकत जवळ गेला. पिल्लं मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. बोटाच्या पेराएवढी, तांबडी, सगळी मिळून वर यायची आणि सगळी मिळून खाली जायची. फार सुंदर दिसत होतं. बाबा गळ हातात घेऊन बसले होते आणि टाकत नव्हते. त्यांची पाठ मला दिसत होती, दोन्ही खांदे खाली. मी किती वेळ वाट बघितली कोण जाणे, मग माझ्यानं राहवलं नाही.

"बाबा, बाई वाट पाहून राह्यली असन."

त्यांनी मान हलवली. मग पाण्याकडे बघून, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "माह्यावर राग धरजो. माह्या पोरीवर नोको धरू." आणि गळाला लावलेला बेडूक थव्याच्या मधोमध टाकला.

झेप अशी आली की डोंगा गर्रकन फिरला. मी दोन्ही गुडघ्यांनी तो सावरला. बाबांनी एरवी खेळवून, दमवून काढली असती, त्या दिवशी सरळ ओढून आत घेतली. मोठी होती, माझ्या हाताएवढी लांब. ओल्या मडक्यात घालून वर पळसाची पानं बांधली. दुसरी मरळ थव्याखाली गोल गोल फिरत होती, मध्येच वर येऊन पाणी उडवत होती. बाबा तिच्याकडे बघत म्हणाले, "एक राह्यली. पिल्लाइले एक पुरे." ते मला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही. मला मात्र आनंद झाला होता, उगाच कशाला खोटं बोलू. मरळ मिळाली, आता बाईचं दूध उतरणार, लेकरू पिणार. येताना मी डोंगा असा हाणला की बाबांना आस्ते आस्ते म्हणावं लागलं.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. लेकरू आता मधूनमधून ताठ व्हायचं, पाठीतून वाकायचं, नुसतं बोट लावलं तरी. मायनं त्याच पावली मरळ कापली, शिजवली. बाईनं तो रस्सा गटागट प्याला. तिला मासोळीचा वास आला का, दिवस लक्षात होते का, मी कधी विचारलं नाही. आणि औषध लागू पडलं हो! रातोरात बाईला असं दूध आलं की तिची चोळी भिजली, लुगडं भिजलं, खालची गोधडी भिजली. लेकरू सकाळी गेलं. दूध आणखी कितीतरी दिवस येत राहिलं. माय कपडा गरम करून तिची छाती शेकायची आणि बाई भिंतीकडे तोंड करून बसायची. हसणारी, मला पाण्यात पाडणारी माझी बाई त्या गोधडीवर संपली. नंतर जी उठली ती दुसरीच कुणी होती.

मरळीचा वास ओळीत गेलाच होता. "पिल्लांवरची मारली, पिल्लू गेलं." कुणी तोंडावर बोललं नाही, पाठीमागे सगळे बोलले. मी दोन शेजारणींच्या झिंज्या उपटायला निघाले होते, मायनं धरून ठेवलं. पण बाबांनी ते बोलणं उचललं आणि आत ठेवून घेतलं. त्यांच्या दृष्टीनं त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. जन्मात एकदा कायदा मोडला आणि आठ प्रहरांत नातवाला पुरलं, याहून उघड काय असणार? डोंगा त्यांनी दगड भरून बुडवला तो पुढच्या मृगाला वर काढला नाही. हमरस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागले. ज्या माणसानं आयुष्यात पाण्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं तो दिवसभर उन्हात दगड फोडायचा, घरी येऊन जेवायचा आणि निजायचा. बाई माहेरी आली की ओट्यावरून उठून जायचे. तिच्या नजरेला नजर त्यांनी दिली नाही. बाईला वाटायचं बाबा आपल्यावर नाराज आहेत, लेकरू नीट जपलं नाही म्हणून. मी दोघांच्या मध्ये उभी राहून ओरडायची, "बोला ना एकमेकाशी!" कुणी ऐकत नसे.

पुढे खादी नेसणाऱ्या एक कार्यकर्त्या बाई गावात आल्या. चौथी पास झालेल्या, घर सोडायला तयार अशा मुली त्या शोधत होत्या, सुईणपणाचं शिक्षण द्यायला. आमच्या गावात अशी एकच होती आणि तिचा घरात जीव गुदमरत होता. बाबांनी हो म्हटलं, माय रडली, आणि मी वर्ध्याला गेले.

तिथल्या शिकवणाऱ्या बाईंचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या नाळेबद्दल सांगत होत्या. विळा, कोयता, काच, बांबूची चीप, असल्या घाणेरड्या हत्यारानं नाळ कापली, वर राख नाहीतर शेण लावलं, की रोग नाळेतून आत जातो. पाचवी-सहावी झाली की लेकरू दूध ओढायचं सोडतं. जबडा बसतो. अंग ताठ होतं, पाठ वाकते. मग ते वाचत नाही.

मी उठून उभी राहिले. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, काय झालं गं? मी काही नाही म्हणून बसले. पण मला तिथंच नाचावंसं वाटत होतं. मरळ नव्हती! माझ्या बापानं काही केलं नव्हतं! मासोळीचा, थव्याचा, त्या दिवसाचा काही संबंध नव्हता. लेकराला रोग आधीच लागला होता, आम्ही डोंगर चढायच्या कितीतरी आधी. आत्ताच्या आत्ता पळत गावी जावं आणि ओट्यावर बसलेल्या त्या माणसाला गदागदा हलवून सांगावं, असं झालं.

मग विळा आठवला, आणि विळा धरलेला हात. माझ्या मायचा हलका हात.

आणि त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आणखी एक आठवलं. माझ्या पाठीवर मायला दोन मुलगे झाले होते, दोन्ही गेलेले. ती कधी बोलायची नाही, पण बोललीच तर एवढंच, "दूध ओढनं सोडलं अन् गेले." ते ती आपल्या नशिबावर घालायची. आता मी काय करायचं होतं? बापाच्या डोक्यावरचं ओझं काढून मायच्या डोक्यावर ठेवायचं, आणि तेही एक नाही, तीन? मी चूप बसले. सुट्टीत घरी जायचे, बाबांचे फुटलेले हात बघायचे, तोंडाशी आलेलं गिळायचे आणि मग कशावरून तरी सगळ्यांशी भांडून परत यायचे. लोक म्हणायचे, शिकून पोट्टी उलट जास्त तापट झाली.

पन्नासचं दशक सरत आलं होतं तेव्हा बाईला पुन्हा दिवस गेले. मधल्या काळात सासरी तिला काय काय ऐकावं लागलं ते ती सांगत नसे. ती माहेरी आली तेव्हा मी दवाखान्यातल्या नोकरीवरून रजा घेऊन आधीच येऊन बसले होते. दाढीची नवी पत्ती, दोरा, कापूस, सगळं घेऊन. कळा सुरू झाल्या तसं मी चुलीवर पाणी ठेवलं आणि त्यात पत्ती आणि दोरा उकळायला टाकला. मायनं कोपऱ्यातला विळा काढला.

"तो ठेवून दे माय."

"काऊन?"

मी तोंडाला येईल ते खोटं बोलले. "दवाखान्याचा कायदा हाय. मी हजर असताना विळ्यानं कापली तर माही नोकरी जाईन."

माय बघत राहिली. "अन् पान्यानं लेकराले ओळखलं नाई तं?"

"मी ओळख करून देईन," मी म्हणाले. "मी डोंगा चालवते, पानी माह्यं ऐकते."

तिनं विळा ठेवला. बाबा त्या दिवशी ओट्यावरही नव्हते. सकाळपासूनच कुठंतरी निघून गेले होते. मुलगी झाली. नाळ मी कापली, बांधली, वर काही लावू दिलं नाही. मायनं राख आणली होती ती तशीच परत नेली.

मग सुरू झालं वाट बघणं. पाचवी पुजली, आणि त्यानंतर माय त्या लेकराच्या तोंडावरून नजर काढेना. बाई पाजायला घ्यायची तेव्हा माय समोर बसायची. पोरगी अशी दूध ओढायची की गळ्यात गटगट ऐकू यायचं. ती आठ दिवसांची झाली, दहाची झाली, बारसं झालं. बाईच्या तोंडावर हसू आलं. मला म्हणाली, "इले तुह्या डोंग्यात बसवजो वं." इतक्या वर्षांनी तिनं डोंग्याचं नाव काढलं. मी बाहेर जाऊन रडले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपार कलली होती, बाई आणि लेकरू निजली होती. मागच्या अंगणात माय नदीचे झिंगे साफ करत होती, मी शेजारी बसले होते. माय मान वर न करता म्हणाली, "दवाखान्याचा कायदा कशासाठी हाय?"

"कायदा म्हंजे कायदा."

"माह्याशी खोटं नोको बोलू. लहानपनापासून तुले खोटं बोलता येत नाई. इळ्यानं काय होते?"

मला खरंच खोटं बोलता येत नाही. मी गप्प राहिले, आणि तेवढं पुरलं. मायचे हात थांबले. ती काही ओरडली नाही, छाती पिटली नाही. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि हातांकडेच बघत बसली. मग म्हणाली, "तुही कापली तवा तं काई झालं नाई."

"प्रत्येक वेळी नाई होत माय. कधी होते, कधी नाई."

"कधी होते," ती म्हणाली. "मंग ते दोघंबी."

मी तिला धरायला गेले, तिनं मला बाजूला सारलं. बाबा नुकतेच कामावरून येऊन दारात पाय धूत होते. माय तरातरा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मला तिला थांबवता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर थांबवावं की नाही तेही कळेना.

"ऐकलं का," माय म्हणाली. "तुमची मरळ नोती. इळा होता. इळ्यानं रोग जाते. बाईचं लेकरू माह्या हातानं गेलं. आपले दोघंबी माह्याच हातानं गेले. तुमी फुकटच दगडं फोडले."

बाबा तांब्या घेऊन तसेच उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी कुणाला समजावू शकणार नाही. एवढ्या वर्षांचं ओझं उतरताना माणूस कसा दिसतो ते मी पाहिलं. क्षणभरच. मग त्यांनी मायकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं, आणि तांब्या खाली ठेवला.

"पोट्टी काईबी सांगते," ते म्हणाले. "दवाखान्यातल्यायले मासोळीतलं काय समजते? माह्यामुळंच गेलं ते लेकरू. म्या मारली पिल्लांवरची."

"अन् आपले दोघं?"

"तवाबी म्या मारलती," बाबा म्हणाले. "दोन्ही खेपेले. तुले सांगतलं नाई, भ्यालो होतो. तुह्या हातानं काई झालं नाई. तुहा हात चांगला हाय."

त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, माझ्यासारखीच. त्या दोघांतला धाकटा गेला तो होळीच्या सुमाराला, मला आठवतं, बाहेर पोरं लाकडं गोळा करत होती. होळीला अख्ख्या तलावात मरळीचं एक पिल्लू नसतं. हे मला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आणि माय तर ढिवराचीच लेक, ढिवराचीच बायको.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हाव. मंग तुमीच मारले असन." आणि तिथंच दारात बसून, पहिल्यांदा, तिन्ही लेकरांसाठी मोठमोठ्यानं रडली. बाबा तिच्या शेजारी बसून तिचा हात हातात धरून होते.